काटा म्हणू की शूळ?

प्रिय पोरी,

सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. मोबाइलवर चार ओळी टाकायच्या सोडून तू कागदावर लिहिलंस, म्हणून मीही कागदच घेतला. अक्षर वाकडं आलं तर बोटांच्या सांध्यांना बोल लाव. येत्या रविवारी रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये तुला दहा मिनिटं बोलायचं आहे, उतारा करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय १२, आणि तुझा प्रश्न असा की प्रेषित पौल ज्याला 'सैतानाचा दूत' म्हणतो तो त्याच्या शरीरातला काटा म्हणजे नक्की काय, आणि आद्य ख्रिस्ती मंडळीच्या लेखकांनी त्याबद्दल काय ठरवलं.

त्यांनी काही ठरवलं नाही. वाद मात्र भरपूर घातले.

आधी शब्द बघ. ग्रीकमध्ये तिथे 'स्कोलोप्स' आहे. बोटात रुतलेली काटकी म्हणजे स्कोलोप्स, आणि जमिनीत रोवलेला टोकदार खांब म्हणजेही स्कोलोप्स. आपल्या मराठी बायबलात 'काटा' आला आहे. तो चूक नाही. टाचेत बाभळीचा काटा मोडलेल्या माणसाला तो वाचून कळ येतेच. पण वर्गात हे वचन शिकवताना मला दरवेळी वाटायचं की इथे मराठीपाशी याहून नेमका शब्द आहे. ज्याच्यावर चढवतात तो सूळ, आणि पोटात उठतो तो शूळ. एकाच शब्दाची दोन रूपं. ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या पौलाला जे एका शब्दात सांगायचं होतं, ते आपल्या आज्या पोटशूळ, कपाळशूळ म्हणताना रोज सांगत होत्या. लॅटिन बायबलात हाच शब्द 'स्टिम्युलस' झाला, म्हणजे बैलाला टोचायची पराणी. पराणी म्हटल्यावर मनात चाळवण्याचा अर्थ येतो, आणि पुढच्या शतकांत लॅटिन वाचणाऱ्या पुष्कळांनी पौलाचा काटा म्हणजे कामवासना असं धरलं. भाषांतरातला एक शब्द सरकला आणि एका आजारी माणसाचा मोहात सापडलेला माणूस झाला. ग्रीकचा तुला कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

तर वाद असा. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा लेखक तर्तुलियन जाता जाता म्हणतो की हे कानाचं किंवा डोक्याचं दुखणं होतं, आणि वर 'असं म्हणतात' ही पुस्ती जोडतो. म्हणजे त्याच्याही आधीपासून लोकांत बोललं जात असणार. पावणेदोनशे वर्षांनी लॅटिन बायबलाचा भाषांतरकार जेरोम गलतीकरांस पत्रावर भाष्य लिहितो, त्यातही डोकेदुखीची ही परंपरा येते. मग येतो योहान ख्रिसोस्तोम, 'सुवर्णमुख' म्हणून ओळखला जाणारा अंत्युखियाचा उपदेशक. तो या डोकेदुखीवर जवळजवळ संतापतो. छे! म्हणतो. ज्या पौलाने करिंथातल्या पापी माणसाला देहाच्या नाशासाठी सैतानाच्या हवाली केलं, सैतानाला मर्यादा आखून दिल्या, त्याच्या शरीराला सैतान हात लावेल? सैतान म्हणजे हिब्रूत 'विरोधक'. तेव्हा हा काटा म्हणजे माणसं: तांबट आलेक्सांद्र, हुमनाय, फिलेत आणि त्यांच्यासारखे पौलाच्या वाटेत आडवे येणारे लोक. हे अगदीच हवेतलं नाही. गणना ३३:५५ च्या ग्रीक भाषांतरात कनानी लोक इस्राएलाच्या 'डोळ्यांतले स्कोलोप्स' होतील असं आलं आहे, म्हणजे शास्त्रातच हा शब्द एकदा माणसांना लागलेला आहे.

पण हा माणूस कोण होता तेही बघ. तरुणपणी तो अंत्युखियाजवळच्या डोंगरात दोन वर्षं गुहेत राहिला, झोप जवळपास सोडून शास्त्र पाठ करत. थंडीने पोट आणि मूत्रपिंडं कायमची बिघडली तेव्हा खाली उतरला. पुढे ३८७ साली अंत्युखियात प्रवचन करताना त्याने उतारा निवडला तीमथ्याच्या पोटाचा! 'तुझ्या पोटासाठी व वरचेवर होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा.' त्याचा प्रश्न सरळ आहे. पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, पौलाने मेलेला उठवला, मग स्वतःच्या लाडक्या शिष्याचं पोट त्याने बरं का केलं नाही? काढा सांगावा तसा द्राक्षारस का सांगितला? आणि भक्तांना दुखणी का येतात याची तो एकामागून एक आठ कारणं देतो. भक्तांनी फुगून जाऊ नये, लोकांनी त्यांना देव समजू नये, दुबळ्या माणसांतून देवाचं सामर्थ्य दिसावं, त्यांची भक्ती लाभापायी नाही हे कळावं, पुनरुत्थानाची आशा पक्की व्हावी, इतर दुःखितांना सोबत वाटावी, भक्त वेगळ्या मातीचे नाहीत हे समजावं, आणि खरा सुखी कोण, खरा दुःखी कोण हे ओळखता यावं. कारणं चांगली आहेत. सहावं मला विशेष आवडतं. पण आठ कारणं खिशात घालून वॉर्डात जाऊ नकोस.

का म्हणून विचारशील. पुढे तो राजधानी कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला, आणि ४०४ साली तिथून हाकलून त्याला आर्मेनियातल्या कुकुसस या आडगावी पाठवलं. तिथून त्याने ओलिंपियास नावाच्या आपल्या जवळच्या सेविकेला लिहिलेली सतरा पत्रं आज आहेत. ती स्वतः आजारी होती. एका पत्रात तिथला हिवाळा आहे. खोली बंद, आत शेकोटी, धुराने जीव घुसमटतोय, अंगावर ढीगभर पांघरुणं, उलट्या, डोकेदुखी, रात्र रात्र झोप नाही. पौलाला डोकेदुखी होती ही कल्पना ज्याला सहन झाली नव्हती, त्याचं स्वतःचं डोकं आता ठणकत होतं. याच पत्रांत तो ईयोबाबद्दल, जुन्या करारातल्या त्या निर्दोष असून सगळं गमावलेल्या माणसाबद्दल, सांगतो की गुरंढोरं गेली, लेकरं गेली ते त्याने सोसलं, पण सगळ्यांत जड गेलं ते अंगाचं दुखणं. सैतानालाही हे माहीत होतं, म्हणून तर तो 'त्वचेसाठी त्वचा' म्हणाला. शारीरिक वेदना हलकी समजू नकोस, असं तो ओलिंपियासला बजावतो. आणि लगेच, त्याच दमात, औषधावर येतो. एका बाईंनी पाठवलेलं औषध मी वापरलं, तीन दिवसांत माझं पोट सुधारलं, तूही वापर, हयगय करू नकोस. उपदेशपीठावरच्या सुवर्णमुखापेक्षा मला हा धुराच्या खोलीतला, औषधाचा पत्ता सांगणारा म्हातारा जास्त पटतो. माझ्या वयाचा दोष असेल. (म्हातारा तरी कसला; साठीही गाठली नव्हती त्याने. ४०७ मध्ये आणखी दूर हद्दपारीला नेताना, वाटेतच गेला.)

आता माझ्या फजितीबद्दल. तुला ही मी कधी सांगितली नाही.

मी तुझ्याएवढा असताना घशाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाकडे जात असे. शाळेतले शिपाई होते, सहा फुटी माणूस, तोवर चाळीस किलोंवर आलेले. एका संध्याकाळी मी ईयोबाचं पुस्तक उघडलं आणि मोठ्या आवाजात वाचलं, 'पाहा, देव ज्याला शासन करतो तो मनुष्य धन्य.' त्यांची बायको पायाशी बसून त्यांच्या पोटऱ्या दाबत होती. ती उठली, माझ्या हातातलं बायबल तिने मिटलं आणि कडेच्या स्टुलावर ठेवलं. बोलली काहीच नाही. परत पोटऱ्या दाबायला लागली. मी घरी जाऊन चिडलो, वचन नाकारलं म्हणून. पुढे दोन वर्षांनी अभ्यास करताना लक्षात आलं की ते वाक्य अलीफज तेमानीचं आहे, ईयोबाच्या त्या मित्राचं, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्याच अलीफजाला म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाही. त्या बाईने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं की नाही, देव जाणे. निकाल मात्र तिने बरोबर दिला होता.

या प्रश्नावर आद्य लेखकांत सगळ्यांत जास्त घाम गाळला तो ग्रेगरीने. पुढे ५९० मध्ये पोप झाला तो. त्याआधी रोमच्या पोपचा दूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला होता, तेव्हा सोबतच्या मठवासीयांच्या आग्रहावरून त्याने ईयोबावर बोलायला सुरुवात केली आणि ते वाढत वाढत ३५ भागांचं भाष्य झालं. अलीफजाची अडचण त्याच्या नजरेतून सुटलेली नाही. देव ज्याला खोटा ठरवतो त्याचंच 'तो ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्तपणात धरतो' हे वाक्य पौल करिंथकरांना शास्त्र म्हणून ऐकवतो, हे कसं? ग्रेगरीचं उत्तर असं की मित्रांची पुष्कळ वाक्यं स्वतःपुरती खरी आहेत, पण ती ईयोबाला लावली तिथे खोटी ठरली. खरं वाक्य, चुकीच्या खाटेशी. मी हेच केलं होतं.

ग्रेगरीचं प्रस्तावनेचं पत्र मिळालं तर जरूर वाच, सेव्हिलच्या लिआंडरला लिहिलेलं. त्यात तो सांगतो की कित्येक वर्षं आतड्यांच्या दुखण्याने मी हैराण आहे, पोट कामातून गेलंय, बारीक ताप सुटत नाही; कदाचित देवाचीच योजना असेल की मार खाल्लेल्या ईयोबाचा अर्थ मार खाल्लेल्यानेच सांगावा. शास्त्र म्हणजे अशी नदी, की जिच्यात कोकरू पायी चालत जातं आणि हत्ती पोहतो, ही उपमाही तिथलीच. तो पहिल्यांदा घटनेचा पाया घालतो, त्यावर ख्रिस्ताकडे नेणाऱ्या अर्थाची भिंत चढवतो, मग नीतीचा रंग देतो. कधी कधी हा हत्ती फार लांब पोहत जातो, हे मान्य. ईयोब राखेत बसून खापरीने अंग खाजवतो ना, ती खापरी म्हणजे ग्रेगरीच्या मते ख्रिस्ताचा देह, कारण खापरही मातीचं आणि भट्टीत भाजून टणक झालेलं, आणि २२ व्या स्तोत्रात 'माझी शक्ती खापरासारखी शुष्क झाली आहे' असं आहेच. वर्गात यावर पोरं हसायची. मीही हसायचो. परवा नागीण उठली होती तेव्हा पाठीची आग थांबेना, नखाने खाजवायची बंदी, आणि मला ती खापरी आठवली. जखमेला लागणारी वस्तूही आपल्यासारखी भाजून निघालेली असावी, असं ज्याला वाटलं त्याने हे अंथरुणावर पडूनच लिहिलं असणार. हसू आलं नाही तेव्हा.

जाता जाता, ग्रीक बायबलात ईयोब राखेत बसलेला नाही, गावाबाहेरच्या उकिरड्यावर बसलेला आहे. ख्रिसोस्तोम सांगतो की त्याच्या काळी लोक समुद्र ओलांडून अरबस्तानात तो उकिरडा बघायला जात आणि तिथल्या मातीचं चुंबन घेत. तीर्थयात्रा उकिरड्याची! हे रविवारी सांगितलंस तर लोक लक्ष देतील.

तू लिहिलंस की बायकांच्या वॉर्डात एका जन्मांध मुलीची आई तुला विचारते, 'ताई, कुणाचं पाप?' योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, आणि प्रभूने त्या माणसाचंही नाही, आईबापाचंही नाही असं सांगितलं. पण पुढचं 'देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून' हे वाक्य आईला फार बोचतं. माझं लेकरू काय प्रदर्शनाला ठेवलंय का? इथे मला लिओंचा आयरेनियस उपयोगी पडतो. १८० च्या सुमारास तो अशा लोकांविरुद्ध लिहीत होता ज्यांना शरीर म्हणजे कचरा वाटे. तो त्या गोष्टीतल्या चिखलावर बोट ठेवतो. इतरांना प्रभू शब्दाने बरं करतो, मग इथे थुंकी, माती, चिखल कशाला? कारण आदामाला ज्या हाताने मातीतून घडवलं तो हाच हात. गर्भात जे घडायचं राहिलं ते कुंभाराने चारचौघांत पुरं केलं. 'देवाचं कार्य' म्हणजे माणूस घडवणं. त्या आईला हे असं सांगता येईल की तुझं लेकरू कुंभाराने फेकलेलं नाही, त्याच्या हातात आहे. पण पुरतं सांगायचं तर आयरेनियस इतर आजारांच्या बाबतीत आज्ञाभंगाचा धागा सोडत नाही. आपल्याला हवं तेवढं घेऊन बाकीचं लपवायचं नाही, हे तुला मी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं.

तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनबद्दल थोडक्यात. शुभवर्तमानातले आंधळे, लुळे यांच्यात तो आत्म्याचं आंधळेपण बघतो, त्याच्या लेखी बाहेरच्या माणसाच्या प्रत्येक अवयवाला आतला एक जोडीदार असतो. वॉर्डात हे चालणार नाही. ज्याचा पाय कापलाय त्याला आत्म्याच्या पायाचं सांगू नये. पण ओरिगेनला शरीराची किंमत कळत नव्हती असंही कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नकोस. रोमन सम्राट देकियसने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात, वय साठीच्या पुढे गेलेलं असताना, त्याच्या गळ्यात लोखंड घालून पाय खोड्यात चौथ्या भोकापर्यंत ताणून दिवसेंदिवस ठेवले होते. तो मागे हटला नाही.

कार्थेजचा बिशप सिप्रियन, त्याचं मात्र एवढं लक्षात ठेव. २५२ च्या आसपास कार्थेजमध्ये महामारी होती. जुलाब, घशाची आग, लाल झालेले डोळे, सडणारे पाय, सगळं त्याने नोंदवलं आहे. त्याच्या लोकांची तक्रार अशी होती की आम्ही विश्वासणारे, तरी आम्हालाही कसं होतं? त्याने कुणाच्या पापाचा हिशेब मांडला नाही. या जगात आहोत तोवर मांस सगळ्यांचं एकच, असं म्हणाला, आणि मग तीच दोन नावं काढली, ईयोब आणि पौलाचा काटा. करोनात आपल्याकडे काही प्रार्थनासभांत काय काय बोललं गेलं ते आठवून मला हे पान तेव्हा झेरॉक्स करून वाटावंसं वाटलं होतं. पण प्रत्यक्षात वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

गोळ्या बंद करून फक्त प्रार्थना करणाऱ्या त्या मावशींचं तू विचारलंस. चौथ्या शतकातला बिशप बेसिल, त्याने आपल्या कैसरिया शहराच्या वेशीबाहेर रुग्णांसाठी, महारोग्यांसाठी अख्खी वसाहत उभी केली, आणि त्याच्या मठाच्या नियमांत वैद्यकावर एक सबंध उत्तर आहे. शेतीची कला देवाने दिली तशी औषधाची दिली. शेतकरी नांगर टाकून नुसती प्रार्थना करत बसत नाही. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधलं होतं, पण त्याने आभार देवाचे मानले. बेसिल असंही म्हणतो की प्रत्येक आजार औषधाने जाणारा नसतो, काही शिक्षेसाठी, काही ईयोबासारखे झुंजीसाठी. कुठला कोणता हे ठरवायची जबाबदारी मात्र स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. त्याचा मित्र, नाझियान्झचा ग्रेगरी, महारोग्यांबद्दल बोलताना हेच विचारतो की यांच्यातला कोण शिक्षा भोगतोय आणि कोण कसोटीला लागलाय, हे कुणाला ठाऊक? मावशींना अंजिरांची गोष्ट सांग. आणि गोळ्यांचं सिस्टरला कळव, आजच.

शेवटचा ऑगस्टीन, कारण तू पत्राच्या शेवटी खरा प्रश्न लिहिलास, तोही कंसात: 'बरं व्हावं म्हणून मागायचं की नाही?' पौलाने तीनदा मागितलं आणि उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरे आहे.' प्रोबा नावाच्या विधवेला प्रार्थनेविषयी लिहिताना ऑगस्टीन याच जागी थांबतो. दुःख टळावं असं मागणं हे सगळ्या माणसांचं मागणं आहे, त्यात गैर नाही. प्रभूनेही प्याला टळो म्हटलं. आणि मिळालं नाही म्हणजे देव विसरला असं नव्हे. त्याने रागात लोकांची मागणी पुरवल्याची उदाहरणं शास्त्रात आहेत, आणि दयेने प्रेषिताची नाकारल्याचं हे एक. मला हे पटतं, पण ते कोण बोलतंय हे कळल्यामुळे जास्त पटतं. या माणसाने ३९७ च्या सुमारास एका मित्राला लिहिलं होतं की मनाने ठीक आहे, शरीराने अंथरुणात. चालता येत नाही, उभं राहता येत नाही, बसताही येत नाही. कारण मूळव्याध. हिप्पोचा बिशप हे उघड लिहितो. आपल्याकडे पाळक मूळव्याध झाली तर 'तब्येत जरा नरम आहे' म्हणतात.

आणि त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी, ३८६ मध्ये, बाप्तिस्म्यापूर्वी, त्याची दाढ इतकी दुखली की बोलता येईना. तेव्हा त्याने मेणाच्या पाटीवर लिहिलं, माझ्यासाठी प्रार्थना करा, आणि ती पाटी मित्रांच्या हातात दिली. ते गुडघे टेकतात न टेकतात तोच कळ गेली. कसली कळ होती ती, आणि गेली कशी, असं तो स्वतःच चकित होऊन विचारतो. एकदा गेली. मूळव्याधीच्या पत्रात अशी काही नोंद नाही. दोन्ही त्याने लिहून ठेवलं.

यावरून तुझ्या अकरा नंबरच्या खाटेवरचे काका आठवले, घशाला नळी असलेले, जे वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने लिहून दाखवतात आणि कुणाला वाचता येत नाही. रविवारच्या आधी त्यांच्यासाठी एक पाटी घेऊन जा. शाळकरी पोरांची नको, फार लहान असते. मोठी घे, पांढरी, मार्करची. पुसायला मऊ फडकं विसरू नकोस. आणि ते लिहीत असतील तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत मान हलवू नकोस.

तुझा,
सर